सुमारे

फियानारान्त्सुआ. या नावाचा अर्थच मुळी
चांगलं शिकण्याची जागा.
मी इथं अकरा वर्षं झेरॉक्स काढतो,
नर्सिंग शाळेच्या फाटकासमोर, छत्रीखाली.
वीज गेली की जनरेटरवर, पन्नास आरियारी जास्त घेऊन.

आज शुक्रवार. चारला खिडकी बंद.
प्रवेश परीक्षेच्या अर्जाला काय काय लागतं
ते मला झोपेतून उठवून विचारा:
जन्मदाखला, रहिवासी दाखला, डॉक्टरचा दाखला,
चार फोटो, दोन्ही कान दिसतील असे
(त्यासाठी केसांच्या पिना माझ्याकडे मिळतात, भाड्यानं),
आणि स्वतःचा पत्ता घातलेलं पाकीट, निकालासाठी.
जिथं टपाल पोचत नाही तिथली मुलं
माझाच पत्ता लिहितात.

ती आली दोनच्या पुढं.
पाय गुडघ्यापर्यंत लाल मातीचे.
पूर्वेच्या रानातून दीड दिवस चालत,
पुढं रताळ्यांच्या ट्रकवर.
सुइणीच्या हाताखाली नऊ वर्षं काढलीत म्हणाली,
आणि मूल आडवं असेल तर पोट कसं चोळायचं
ते मला हवेत हात फिरवून दाखवू लागली.
म्हटलं, बाई, आधी नाव सांग.

रासुआनुमेन्झानाहारी.
रोमन लिपीत अठरा अक्षरं. अर्जात चौकोन सोळा.
नावाचा अर्थ, देवानं दिलेली.
सोळाव्या चौकोनापाशी देवाचं शेपूट तुटलं.
"राहू दे," ती म्हणाली, "त्याला कळतं."

घोडं अडलं ते खिडकीत.
जन्मदाखल्यावर तारखेच्या जागी
कुणा कारकुनानं तिरप्या अक्षरात लिहिलेलं: सुमारे.
आणि पुढं नुसतं साल.
मादाम वुलुलुनांनी चष्मा कपाळावर चढवला.
"सुमारे म्हणजे कधी?
वयाची अट आहे इथं.
उद्या औषधसुद्धा सुमारेच देणार का?
सुमारे किती थेंब?"

रांग हसली. मीही हसलो, खोटं कशाला बोलू.

ती हसली नाही. म्हणाली,
"नोंदणीचं गाव नदीपलीकडं होतं
आणि नदी गावात होती.
वादळाची तिसरी रात्र. चर्चचं छप्पर
भाताच्या खाचरात जाऊन बसलं, तेव्हा मी झाले.
आईला एवढंच माहीत."

मागून एक म्हातारा, नातीची फाईल बगलेत:
"तिसरी म्हणजे बुधवार.
बुधवारीच माझे दोन बैल गेले."
"बैल मंगळवारी गेले तुझे," त्याची बायको.
एक जोगीण म्हणाली, पूल पडला तो गुरुवारी पहाटे,
म्हणजे त्याच्या आदल्या रात्री.
कुणी बोटं मोजली, कुणी भावाला फोन लावला.
माझ्या बापाचा टाइपरायटर तेव्हा चार दिवस पाण्यात होता,
त्याचा 'र' अजून उठत नाही,
पण वार मलाही आठवेना.

मादाम वुलुलुना गप्प होत्या.
मग म्हणाल्या, "बुधवार. त्या रात्री
आमच्याकडंही एक झालं होतं."
पुढं काही बोलल्या नाहीत. कुणी विचारलंही नाही.
पेन ठेवलं, पेन्सिल घेतली,
आणि 'सुमारे'च्या शेजारी, फुंकरीनं पुसली जाईल इतकी हलकी,
तारीख लिहिली.
"वय बसतंय. जेमतेम.
परीक्षेआधी कोर्टाचा कागद आण, नाहीतर खोडेन."

पावणेचारला वीज गेली.
ट्रेमध्ये तिच्या दाखल्याची एक प्रत जास्तीची निघाली होती.
शिक्का फिका, सही फिकी, बापाचं नाव जवळजवळ नाहीच.
'सुमारे' तेवढं
मूळ कागदाहून काळंभोर उमटलंय.

चाळीस जागा. अर्ज दोन हजारांच्या वर.
पाकिटावर पत्ता माझा.
आणि माझ्या दोन पिना
तिच्या केसांतच गेल्या,
रताळ्यांच्या ट्रकवर, पूर्वेला.